धरून ठेवलेलं दार

खोडरबरावर दातांचे व्रण होते. वर्गात कंटाळलेल्या कुण्या पोराने तो एका बाजूने कुरतडला होता. दुसऱ्या बाजूला एक गुलाबी फूल अजून अर्धंमुर्धं शिल्लक होतं. तो भिंतीवरच्या हिरव्या बटणावर चिकटपट्टीने आवळून बसवला होता, इतका घट्ट की बटण आत दबलेलंच राहावं. आर्किटेक्ट म्हणून मापं घ्यायला आलेली ती हातात मोजपट्टी घेऊन उभी होती. दाराच्या चौकटीची रुंदी घ्यायची होती, पण पट्टीचं टोक हातातून सुटलं आणि सर्रकन डबीत परत गेलं. त्या आवाजाने निवासी शाळेचे संचालक वळले. ते आतापर्यंत तिला पाठमोरे, खिडकीतून मैदान दाखवत बोलत होते. बोलताना त्यांच्या तोंडाला पेपरमिंटच्या गोळीचा वास येत होता. "कुलूप नाहीच आमच्याकडे, मॅडम. नव्या कायद्यात म्हटलंय ना, मुलाला कुलूपबंद ठेवायचं नाही, तर आम्ही कुलूपच काढून टाकलं. हे चुंबक आहे. बाहेर उभ्या असलेल्या माणसाने बटण स्वतःच्या बोटाने दाबून धरलं तरच दार धरलं जातं. बोट काढलं की दार मोकळं. म्हणजे मूल आत आहे तोवर मोठं माणूस बाहेर हजर. कायद्याला तरी दुसरं काय हवंय?" आणि मग त्यांना तो खोडरबर दिसला, म्हणजे तिला तो दिसलाय हे त्यांना दिसलं. "अरे! हे कुणी लावलं? ही पोरं पण ना." त्यांनी नखाने चिकटपट्टीचं टोक उचकटलं, ती हळूच, केस ओढले जाऊ नयेत अशा बेताने सोलून काढली, तिची घडी केली, खोडरबर खिशात टाकला. बटण वर आलं. दारात कट्ट वाजलं आणि दार आपोआप थोडं उघडलं. आतून एक मुलगी बाहेर आली.

त्या क्षणापर्यंत खोली रिकामी आहे असंच ती धरून चालली होती. रिकामी नसती तर बाहेर कुणी उभं असतं. तसं संचालकांनीच नुकतं सांगितलं होतं. मुलगी दहा-अकरा वर्षांची असेल. केस एका बाजूला चपटे झालेले, गालावर गादीच्या शिवणीचा ठसा, पायांत मोजे पण बूट नाहीत. तिने दोघांकडे पाहिलं, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "थँक यू, काका." संचालकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास. झाली ना शांत? जा, जेवणघरात सांग, काकांनी पाठवलंय म्हणून." मुलगी भिंतीच्या कडेकडेने, फरशीची एकच ओळ धरून चालत गेली. "हिला आमच्याकडे सगळे भोंगा म्हणतात," संचालक हसून म्हणाले. "आली तेव्हा असा गळा काढायची की खाली गावापर्यंत ऐकू जायचं. आता बघा." मग त्यांनी तिला आत बोलावलं, मापं घ्यायला. आत जाताना तिने श्वास रोखला होता, पण मापं घेणं म्हणजे काही बुडी मारणं नव्हे. कधीतरी श्वास घ्यावाच लागतो. फिनाइल, रबर, आणि त्या दोन्हींच्या खाली, पुसून पुसून भिंतीत मुरलेला, मुताचा वास. भिंती अंगाला लागू नये अशा जाड गाद्यांनी मढवल्या होत्या आणि त्यांच्या वर कुणीतरी निळं आकाश रंगवलं होतं. पांढरे ढग. एका ढगाला डोळे आणि हसरं तोंडसुद्धा काढलं होतं.

ऑफिसात परतल्यावर तिने हात धुतले. साबण लावून, पुन्हा लावून, बोटांच्या बेचक्यांतून. तिने तर कशालाच हात लावला नव्हता. खोडरबर तर त्यांनीच काढला होता. तरी त्या रबराची कुरतडलेली, किंचित ओलसर कड तिच्याच बोटांना लागली आहे असं वाटत राहिलं. डबा उघडला आणि बंद केला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, काय गं, पोट बिघडलंय का, आणि ती हो म्हणाली, कारण ते जवळजवळ खरंच होतं. मग ती नकाशा काढायला बसली. नव्या कायद्याने निवासी शाळा आणि उपचारगृहांना मुदत दिली होती: इमारती नियमांत बसवा, नाहीतर परवाना जाईल. मुलांना कोंडायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही, बांधायचं नाही. आठवड्यातून एकदा तरी मुलाला घरी फोन करता आला पाहिजे आणि तेव्हा शेजारी कुणी उभं असता कामा नये. निरीक्षक न सांगता येतील. ती कलमं तिने नीट वाचली होती, आणि वाचताना, खरं सांगायचं तर, तिला बरं वाटलं होतं. कुणीतरी कुठेतरी टेबलाशी बसून या वाक्यांचा विचार केला, कुठे 'करू नये' पुरे आणि कुठे 'करता कामा नये' हवं यावर भांडलं. आता त्याच वाक्यांच्या फटींतून एक लठ्ठ, पेपरमिंटचा वास येणारा माणूस अंग चोरून आरामात पलीकडे गेलेला तिने पाहिला होता. जुन्या नकाशावर त्या खोलीला 'एकांत कक्ष' म्हटलं होतं. संचालकांनी पाठवलेल्या दुरुस्तीत ते खोडून 'शांतता कक्ष' केलं होतं, आणि फोनवर ते म्हणाले होते की मॅडम, 'चिंतन कक्ष' जास्त बरं दिसेल का? अक्षरं जरा गोलसर टाका.

थँक यू. हे दोन शब्द तिच्या घरात दिवसभर ऐकू येत. दादा पाण्याच्या पेल्याला थँक यू म्हणे, वाढलेल्या पोळीला म्हणे, कुणी पंखा लावला तर म्हणे, आणि टीव्हीचा रिमोट सरकवला तरी म्हणे. चाळिशी ओलांडलेला, कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करत घरोघर फिरणारा, खांदे रुंद, हाताला कायम ग्रीसचा वास असणारा माणूस, आणि आमटी वाढली की मान किंचित खाली घालून थँक यू. गिऱ्हाइकांना त्याचं फार कौतुक. नातेवाइकांनाही. लहानपणी तो भयंकर होता म्हणतात. शाळेत जायचं म्हटलं की जमिनीवर आडवा व्हायचा, डोकं आपटून घ्यायचा, एकदा कपाटाची काच फोडली, एकदा काकूच्या हाताला चावला. मग बाबांनी त्याला कुठेशी, डोंगराजवळच्या एका निवासी शाळेत ठेवलं, आणि दोनेक वर्षांनी तो परत आला तो असा. डोक्यावरचे केस बारीक कापलेले, नखं साफ, आणि बसायला सांगितल्याशिवाय बसत नव्हता. "काय वळण लावलंय!" काकू म्हणाली होती, चावलेला हात पुढे करून, जणू त्याचीच ही भरपाई होती. बाबा तर अजून सांगतात. पाहुणे आले की सांगतात. एवढीशी आठवण तिला आईची आहे: आई स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात ओलं फडकं, आणि बाथरूमच्या उघड्या दारासमोर दादा हात पाठीमागे बांधून उभा. आई म्हणते, "अरे, जा ना." तो म्हणतो, "जाऊ?" आई पुन्हा म्हणते, "जा." मग आई फडकं तोंडावर घेते. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. दादा अजूनही बाथरूमचं दार लावत नाही. आत असला की मोठ्याने शिट्टी वाजवतो, म्हणजे कुणी चुकून येऊ नये. घरात त्याचा विनोद झालेला आहे, आणि तिनेही कितीतरी वेळा तो विनोद केला आहे, अमुक गाणं वाजतंय म्हणजे अजून वेळ आहे असा.

फर्मचे मालक, ज्यांना सगळे पाठीमागे मिलिमीटर म्हणत, कारण बायकोने आणलेल्या पडद्याचीही ते पट्टीने मापं घेत अशी आख्यायिका होती, ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला. "खोडरबर," ते म्हणाले. "तू स्वतः पाहिलास?" "हो." "फोटो काढलास?" "नाही." "मग?" "मुलगी आत होती, सर." "ते मला कळलं. वाईट आहे. पण हे बघ, आपण खोलीचा नकाशा काढतो. खोलीत काय होतं त्याचा नाही. उद्या एखाद्याच्या बेडरूममध्ये नवरा-बायको भांडले तर आर्किटेक्टला पकडतात का?" वाक्य इतकं सोयीचं होतं की त्यांनी ते यापूर्वीही कुठेतरी वापरलं असावं, वेगळ्या खोलीबद्दल. "आणि ते बटण नियमात बसतं," ते पुढे म्हणाले. "मी वाचलंय कलम. बटणावर कुणी काय चिकटवलं तो त्यांच्या व्यवस्थेचा भाग." ती म्हणाली, "मग मी कशावर सही करायची, सर? बटणावर की चिकटपट्टीवर?" ते हसले. त्यांना वाटलं तिने विनोद केला.

रविवारी दुपारी दादा घरचंच मशीन उघडून बसला होता. लोकांची दुरुस्त करता करता स्वतःच्या घरचं महिना महिना बंद पडून राहतं, हे बाबांचं ठरलेलं वाक्य म्हणून झालं होतं आणि बाबा आतल्या खोलीत झोपले होते. तो बाल्कनीत जमिनीवर, पाय पसरून, ड्रमच्या पोटात हात घालून बसला होता. ती उंबऱ्यावर बसली आणि नटबोल्टची वाटी सांभाळू लागली. तिने त्याला कधीच काही विचारलं नव्हतं. घरात कुणीच विचारलं नव्हतं. ती शाळा म्हणजे एखादं यशस्वी झालेलं ऑपरेशन होतं, टाके कशाला उसवायचे. आज तिने आधी ते बटण, तो खोडरबर, ती मुलगी सगळं सांगितलं, मग विचारलं. "दादा, तुमच्या तिथे खोली होती का? कोंडायची?" त्याचा हात ड्रममध्ये थांबला नाही. "होती." मग फक्त पान्याचा आवाज. "बटण-बिटण नव्हतं. खुर्ची असायची. बाहेरून कडीखाली अडकवायची. पक्कड दे." तिने दिली. "थँक यू. कोंडतात ते ठीक आहे गं. म्हणजे ठीक नाही, पण कळतं की कोंडलंय. बाहेर कुणी आहे की नाही ते कळत नाही, ते वाईट. असेल तर ओरडून उपयोग आहे. पण ओरडलं की वेळ वाढतो. आणि नसेल, तर आपण गप्प बसलोय हे कुणाला कळणार?" त्याने एक लांबट, काळपट पट्टा बाहेर ओढून काढला आणि उजेडात धरला. "हा गेला. म्हणून वास येत होता." ती म्हणाली, "मी तक्रार करू का त्या जागेची?" तो पट्टा बोटांनी ताणून बघत राहिला. "त्या वेळी कुणी टेप घेऊन आलं असतं ना, मापं घ्यायला म्हणून का होईना..." वाक्य त्याने तिथेच सोडलं. "नवीन आणायला लागेल हा," तो म्हणाला. आणि तिला दिसलं की त्याच्या कपाळावर, केसांच्या कडेने, घाम डवरलाय, आणि बाल्कनीत तर छान वारा होता.

निरीक्षक कार्यालयातल्या बाईंना सर्दी झाली होती. फोनवर त्या दर वाक्यानंतर नाक ओढत. "नाव सांगायचंय की निनावी?" "नाव सांगते." "विचार करा. कायद्याने तक्रार करणाऱ्याला संरक्षण आहे, पण कायदा तुमच्या शेजारच्या टेबलावर बसायला येत नाही." ती म्हणाली, नाव लिहा. "बरं. मग माझ्याबरोबर यायची तयारी ठेवा. इमारतीचं तुम्हाला कळतं, मला जिन्यांत पण चुकायला होतं." त्यांनी कोणता दिवस ते सांगितलं नाही. एका सकाळी सरळ फर्मच्या खाली गाडी उभी करून फोन केला. बाई ठेंगण्या, पायांत खेळाचे बूट, पर्समध्ये टिश्यूचं आख्खं पाकीट. मिलिमीटर साहेबांनी खिडकीतून गाडी बघितली आणि पुन्हा वर न बघता म्हणाले, "जा. पण फर्मतर्फे नाही." ती गेली. वाटेत बाई फारसं बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या की तिथे गेल्यावर रागवायचं नाही. "ही माणसं रागावर पोसलेली असतात. आपण रागावलो की त्यांना आपलं माणूस भेटल्यासारखं वाटतं."

संचालकांनी स्वागत उत्तम केलं. न सांगता आल्याबद्दल आनंद व्यक्त केला. मुलं रांगेत उभी राहिली आणि एका सुरात नमस्कार म्हणाली. तिने भोंग्याला शोधलं, ती मागच्या रांगेत, एका खांबाआड, ओठ हलवत पण आवाज न काढता उभी होती. त्या खोलीचं दार उघडं होतं. बटण स्वच्छ होतं, पुसलेलं. आजूबाजूच्या रंगावर मात्र चिकटपट्टीचे आयताकृती डाग, एकावर एक, जुने पिवळे आणि नवे पांढरे. बाईंनी ते बघितले, नाक पुसलं. मग म्हणाल्या, "मला हे चालवून दाखवा." "जरूर. म्हणजे, आत्ता आत कुणी मूल नाही..." "मूल कशाला? मोठं माणूस चालेल." आणि कुणी काही ठरवायच्या आत ती म्हणाली, "मी जाते." का म्हणाली ते तिला त्या क्षणी कळलं नाही. तिने चपला बाहेर काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. दार मागे बंद झालं. कट्ट. बाहेरून बाईंचा आवाज आला, अगदी बारीक झालेला: "दाबून धरा. तुमच्याच बोटाने. मी सांगेपर्यंत." त्यानंतर आवाज बंद झाले. गाद्या आवाज खातात.

आधी तिने आर्किटेक्टसारखं बघितलं. छताची उंची, हवा येण्याची जागा (जाळी होती, धुळीने बुजलेली), दिव्याचं बटण बाहेर. मग बघण्यासारखं काही उरलं नाही. ढग उरले. डोळे असलेला ढग उभ्या माणसाकडे बघत नव्हता, तो खाली, लहान मुलाच्या उंचीवर बघत होता. ती खाली बसली तेव्हा तो तिच्याकडे बघू लागला. त्या उंचीवर गाद्यांच्या कापडाला ओरखडे होते, बारीक, समांतर, मांजराने काढावेत तसे, आणि एका शिवणीतून कापूस बोटाने उकरून उकरून काढलेला, त्या खळग्यात वास सर्वांत जास्त होता. तिला ओकारी आली. तिने ती गिळली. इथे ओकलं तर? तर त्यांना साफ करावं लागेल, ते चिडतील. ही कल्पना तिच्या डोक्यात इतकी सहज आली की ती दचकली. मला कोण काय करणार आहे? बाहेर सरकारी बाई आहेत. आहेत ना? त्या खाली रजिस्टर बघायला गेल्या असतील. त्या जिन्यात चुकतात. तिने दारावर थाप मारायला हात उचलला आणि मारली नाही, कारण थाप मारणं बरं दिसलं नसतं. ओरडलं की वेळ वाढतो. ती गप्प बसली, आणि गप्प बसलेली कुणाला दिसावी म्हणून दारातल्या, फक्त बाहेरून आत दिसेल अशा काचेच्या छोट्या गोलासमोर सरकली, पाठ सरळ केली, चेहरा नीट केला. हो, चेहरा नीट केला. एक शांत, समजूतदार, कसलीच तक्रार नसलेला चेहरा तिने त्या काचेला दाखवून धरला, आणि धरता धरता तिला कळलं की हा चेहरा तिने आजन्म जेवणाच्या टेबलापलीकडे पाहिला आहे. आमटी वाढताना. त्याच्याखाली काय आहे हे बघायला तिला या मुताच्या खोलीत यावं लागलं. अंगावर शहारा आला, पण तो भीतीचा नव्हता. किळस होती, आणि ती त्या संचालकाचीच फक्त नव्हती. आपल्या घरातल्या कौतुकाची, काकूच्या पुढे केलेल्या हाताची, शिट्टीवर केलेल्या आपल्या विनोदांची, पाहुण्यांसमोर पोराला 'बघा' म्हणून दाखवणाऱ्या बापाची.

कट्ट वाजलं. दार उघडलं, आणि तिच्या जिभेवर ते दोन शब्द आले. आलेच. तिने दात आवळले आणि ते आत कोंडले. बाहेर संचालक उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत चोळत होते. अंगठ्याचं टोक पांढरं पडलं होतं. बाई खुर्ची ओढून समोरच बसल्या होत्या, हलल्या नव्हत्या. "मी अजून सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मॅडम, हाताला रग लागली. असं कुणी इतका वेळ..." "दोन्ही अंगठे वापरलेत, मधलं बोट वापरलंत, तळहात पण लावून बघितलात. बघत होते मी. दुखतंय ना?" "अहो, साहजिक आहे." "मग झालं. माणसाला बोटाने जेवढं धरवतं तेवढा वेळ कायदा देतो. त्याच्यापुढे हे दार बंद राहिलं असेल, तर ते बोटाने राहिलेलं नाही." त्यांनी टिश्यू काढला आणि जोरात नाक शिंकरलं. संचालकांनी खिशात हात घातला, बहुधा पेपरमिंटसाठी, आणि तो तसाच खिशात ठेवला.

त्यानंतरचं सगळं एखाद्या जुनाट लिफ्टसारखं, मध्येच थांबत, कुरकुरत झालं. बाईंनी मुलांशी एकेकट्याने बोलून घेतलं, मैदानात, झाडाखाली. खोलीला सील लागलं. परवाना निलंबित झाला, संचालक कोर्टात गेले, कोर्टाने निलंबन कायम ठेवलं, त्यांच्या वकिलाने 'कुलूप' या शब्दाची व्याख्या काय यावर दोन सुनावण्या घेतल्या. मुलांना घरी न्यायला पालक आले, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं असं तिला वाटत होतं त्यांच्यातल्या एकीने, भोंग्याच्या आईनेच, फाटकाशी तिला गाठलं. आई थकलेली होती, खांद्याला दोन पिशव्या, मुलगी दोन पावलं मागे. "तुम्हीच ना त्या? मापंवाल्या?" "हो." "उद्यापासून हिला कोण बघणार? मी कामावर जाते सकाळी. हिने शेजारच्या बाळाच्या अंगावर स्टूल टाकलं होतं, माहितीये तुम्हाला? तुमचं झालं हो, तुम्ही जाल घरी." आईच्या रागात काही खोटं नव्हतं, म्हणून तर ते पचत नव्हतं. या बाईला रोज सकाळी दाराशी उभं करून जगाने एकच खोली दाखवली होती. मुलगी आईचा पदर धरून, सील लावलेल्या खोलीच्या दिशेने बघत उभी होती आणि एकाएकी तिने तोंड उघडून एक लांब, कर्कश, शेवट नसलेला सूर लावला. फाटकाशी उभे सगळे वळले. "बघा!" आई म्हणाली, "बघा आता!" पण म्हणताना तिने पिशव्या खाली टाकल्या होत्या आणि मुलीला पोटाशी घट्ट धरलं होतं, आणि मुलगी पोटात तोंड खुपसून ओरडतच होती. नंतर कळलं की मुलगी मावशीकडे राहते, दिवसा एका केंद्रात जाते, आणि अजून ओरडते.

फर्मने तिला काढलं नाही. फक्त काम देणं बंद केलं. ती आपण होऊन बाहेर पडली. वर्तमानपत्रात बातमी आली त्या दिवशी बाबांनी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, पेपर टेबलावर ठेवला. "आमच्या वेळी असले कायदे नव्हते म्हणून पोरं सुधारली," ते म्हणाले. "आता हात लावायची चोरी. हा बघ, हा काय असाच झाला का?" त्यांनी दादाकडे बोट दाखवलं. दादा जेवत होता. त्याने घास संपवला, पाणी प्यायला. "बाबा, मीही जाणार आहे त्या बाईंकडे," तो म्हणाला. "आमची शाळा अजून चालू आहे. नाव बदललंय." बाबांनी आधी तिच्याकडे बघितलं, जणू हे तिने शिजवून वाढलं होतं. "काय सांगणार तिथे?" "काय झालं ते." "एवढ्या वर्षांनी? लोक काय म्हणतील, बापाने पोराला कसायाकडे दिलं?" "माझं नाव मध्ये आणायचं नाही," बाबा म्हणाले, आणि ताट अर्धवट टाकून उठले, आणि उठताना, सवयीने, दादाच्या पाठीवर हात फिरवला. तिला वाटलं तो हात झटकावा. दादाने झटकला नाही. त्याची पाठ फक्त, एखाद्या घोड्याच्या कातडीसारखी, त्या जागी थरथरली.

निरीक्षक बाईंचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं, खिडक्या रस्त्यावर उघडणाऱ्या, आणि बाईंची सर्दी अजून गेलेली नव्हती. त्यांनी दादाला खुर्ची दिली. तो बसला, कुणी सांगायच्या आधी. दार त्यांनी उघडंच ठेवलं. तुमची बहीण बाहेर थांबली तरी चालेल, त्या म्हणाल्या, पण तो म्हणाला, नको, राहू दे तिला. तिला वाटत होतं तो खोलीपासून सुरुवात करेल, खुर्चीपासून, बारीक कापलेल्या केसांपासून. ते ऐकायची तिने मनाची तयारी केली होती, येताना वाटेत आल्याचा तुकडासुद्धा चघळला होता. "कुठूनही सुरू करा," बाई म्हणाल्या. "जिथून आठवतं तिथून." दादाने ग्रीसचे डाग असलेले हात मांडीवर ठेवले. "वडील म्हणाले, चल, आइस्क्रीम खायला जाऊ," तो म्हणाला. "आम्ही दोघंच. मला त्यांनी कधी एकट्याला नेलं नव्हतं कुठे. एक मोठा डबा घेतला, पिस्त्याचा. गाडीत म्हणाले, थांब, तिथे पोचल्यावर खाऊ. फाटकाशी पोचलो तेव्हा मी एकच चमचा खाल्ला होता. मग दोन माणसं आली. डबा वडिलांच्या हातात राहिला."

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. ती त्या वेळी आठ वर्षांची होती. दुपारी बाबा एकटेच घरी आले होते, घामाघूम, आणि हातात डबा होता, हिरवा, बाजूने ओघळलेला, एका कोपऱ्यातून चमचाभर खाल्लेला. "घे," बाबा म्हणाले होते, "वितळतंय, पटकन खा." आणि ती पायरीवर बसली होती, डबा मांडीवर घेऊन, आणि तिने तो सगळा खाल्ला होता, तळाला साचलेलं गोड, चिकट, कोमट पाणीसुद्धा, डबा दोन्ही हातांनी तोंडाला लावून. बाईंनी टिश्यूचं पाकीट तिच्याकडे सरकवलं. तिने एक काढला, तोंडावर धरला. दादा बोलत होता. तिने दात घट्ट मिटले आणि ऐकत राहिली. त्या पिस्त्याच्या चवीने तिचं तोंड भरून आलं होतं आणि ती गिळता येत नव्हती.